मामाच्या दुकानाची वेबसाइट दाखवू की लपवू?

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी मुलगी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची, सध्या पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. तिच्याच युनिव्हर्सिटीतली बायोटेकची मुलं आयजेम नावाच्या, सिंथेटिक बायोलॉजीच्या (म्हणजे जिवंत पेशींची रचना बदलून त्यांच्याकडून हवं ते काम करून घेण्याच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम बनवतायत, त्यांना एक वेब डेव्हलपर हवाय आणि फॉर्म रविवारी रात्री बंद होतोय. तिला भरावासा वाटतोय पण बऱ्याच ठिकाणी अडतंय. अकरावीला बायो सोडून कॉम्प्युटर सायन्स घेतलं, त्यामुळे ‘तुम्हाला सिंथेटिक बायोलॉजीत रस का वाटतो’ या प्रश्नापुढे काय लिहायचं ते सुचत नाहीये. दाखवायला दोनच साइट्स आहेत, एक कॉलेज फेस्टची आणि दुसरी मामाच्या कृषी सेवा केंद्राची, आणि ही दुसरी दाखवायची लाज वाटते. कोड अर्धाअधिक चॅटजीपीटीकडून घेतलेला. रूममेट म्हणते ही कसली डेव्हलपमेंट, साधी स्टॅटिक साइट, त्यापेक्षा डीएसए (नोकरीच्या इंटरव्ह्यूला विचारतात ते डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कर नाहीतर इंटर्नशिप शोध. वडिलांचं म्हणणं, एवढा खर्च करून पुण्याला पाठवलं ते स्पर्धा खेळायला नाही. आणि शेवटी तिचं वाक्य: ‘ते लोक सायन्स करणार आणि मी त्यांची वेबसाइट बनवणार, मग मी टीममध्ये आहे की टीमची नोकर?’

---

तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण बाकीच्या शंका बऱ्याचशा त्याच्याच पोटातून आल्यात असं मला वाटतं. सायन्स एका खोलीत होतं आणि वेबसाइट दुसऱ्या खोलीत, असं तू गृहीत धरलंयस. बऱ्याच टीम्समध्ये ते खरंही असतं. आयजेममध्ये मात्र तसं चालत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते, फॉर्म भरायच्या आधी तुला ते माहीत असलेलं बरं.

आयजेम सुरू झालं २००३ च्या जानेवारीत. अमेरिकेत एमआयटीमध्ये महिनाभराचा एक कोर्स होता, त्यात पोरांना सांगितलं की पेशी लुकलुकतील अशी एखादी जैविक यंत्रणा डिझाइन करून दाखवा. पुढच्या वर्षी, २००४ ला, त्याची स्पर्धा झाली, टीम्स होत्या पाच. आता जगभरातून दरवर्षी चारशेच्या आसपास टीम्स येतात, आपल्या आयसर पुण्याच्या आणि मुंबईच्या आयसीटीच्या मुलांनीही यात भाग घेतलाय, आणि २०२२ पासून शेवटचा मोठा मेळावा पॅरिसला भरतो. आता तुझ्या कामाची गोष्ट. टीमने वर्षभर जे काही केलं, कल्पना, प्रयोग, फसलेले प्रयोग, कुणाकुणाशी बोललो, पुढच्या टीमला काय उपयोगी पडेल, हे सगळं एका वेबसाइटवर मांडायचं असतं, तिला तिथे विकी म्हणतात. परीक्षक ती वाचून येतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड मेडलचे निकष आधीच जाहीर असतात आणि ते पूर्ण केल्याचा पुरावा त्या विकीच्या ठराविक पानांवर दिसावा लागतो. साधारण ऑक्टोबरात एका ठरलेल्या वेळी विकी गोठवतात, विकी फ्रीज म्हणतात त्याला, आणि त्यानंतर एक स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही. म्हणजे लॅबमध्ये रात्री जागून केलेला प्रयोग विकीवर नीट आला नाही, तर परीक्षकाच्या लेखी तो झालाच नाही.

याच्या तुलनेत उपग्रहाची टीम घे. सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, आयआयटी बॉम्बेचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. अशा टीमची वेबसाइट असते, पण ती स्पॉन्सर लोकांसाठी आणि नवीन मुलं घेण्यासाठी, ती उद्या बंद पडली तरी उपग्रह वरच राहतो. अशा टीममध्ये फक्त वेबसाइट सांभाळायचं काम आलं असतं तर मी तुझ्या रूममेटच्या बाजूने बोलले असते, म्हटलं असतं त्यापेक्षा ग्राउंड स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये घुस. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही, रोबोटिक्स असो, रॉकेट असो, फॉर्म भरण्याआधी एवढं विचारा की वेबसाइट बिघडली तर टीमचं नेमकं काय नुकसान होतं. उत्तरावरून कळतं तुमची जागा कुठे असेल ते.)

बरं, रूममेट अगदीच चुकीची नाहीये. विकी स्टॅटिक असते, तिथे लॉगिन नाही, डेटाबेस नाही, सर्व्हरवर तुझा बॅकएंड चालवायचा नाही. तुला बॅकएंडमध्येच जायचंय आणि येत्या उन्हाळ्यात खरी, पैसे देणारी इंटर्नशिप हातात असेल, हातात म्हणजे ऑफर आलेली, ‘बघू’ वाली नाही, तर ती घे, मी अडवणार नाही. पण स्टॅटिक म्हणजे सोपं हे मला मान्य नाही. नियम असा आहे की साइटवरचं सगळं त्यांच्याच सर्व्हरवर पाहिजे, बाहेरून काहीही ओढायचं नाही. म्हणजे गूगल फॉन्टची लिंक टाकली, चालत नाही, फॉन्टची फाइल उतरवून तिथेच ठेवायची. बूटस्ट्रॅपसारखा तयार डिझाइनचा कोड सीडीएनवरून, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरवरून घेतला, चालत नाही. वर्डप्रेस, विक्स तर विसरच. २०२२ पासून कोड त्यांच्या गिटलॅबवर, म्हणजे कोड साठवायच्या जागेवर ठेवावा लागतो, पुश केलं, म्हणजे बदल तिथे चढवले, की पाइपलाइन चालते आणि त्यातून साइट तयार होते. साइट टीमच्या नावाच्या फोल्डरखाली बसते, त्यामुळे तू जर पाथ स्लॅशपासून सुरू केलेस तर तुझ्या लॅपटॉपवर सगळं झकास आणि तिथे गेल्यावर सीएसएस, म्हणजे पानाची सगळी सजावट, गायब. रिॲक्टमध्ये केलंस तर होमपेजवरून आत गेलं की ठीक, पण आतल्या पानाची लिंक कुणी थेट उघडली की ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, आणि परीक्षक नेमके आतल्या पानाच्या लिंकवरूनच येतात.

आणि मग फाइलींची नावं. हे मी मुद्दाम सांगते कारण हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. लॅबमधली मुलगी तुला जेलचा (डीएनएचे तुकडे वेगळे करून बघतात त्या चाचणीचा) फोटो पाठवते, तिच्या फाइलच्या नावात जेलचा जी कॅपिटल आणि एक्स्टेन्शनही कॅपिटलमध्ये. तू कोडमध्ये सगळं स्मॉल लिहितेस. विंडोजला दोन्ही सारखंच, फोटो दिसतो, तू निवांत. सर्व्हर लिनक्सवर, त्याला ही दोन वेगळी नावं, तिथे फोटोच्या जागी तुटकं चिन्ह. असे फोटो दीडशे, आठ जणांनी पाठवलेले, प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने नाव देणारा, त्यात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हाच घे’. त्यातले अर्धे पॉवरपॉइंटमध्ये लेबल लावून स्क्रीनशॉट काढलेले, म्हणजे मोबाइलवर अक्षर वाचताच येत नाही. गूगल डॉकमधून मजकूर चिकटवला की वरची-खालची अक्षरं सपाट होतात, दहाचा सहावा घात चक्क १०६ होऊन बसतो, जीवाणूंची नावं तिरपी असायला हवीत ती सरळ होतात, मायक्रोलिटरचा म्यू गळून तिथे यू येतो. आता हे सगळं पकडणारा टीममध्ये कोण? ज्याने प्रयोग केला त्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या डोक्यात बरोबर आकडा आधीच आहे. तूच पकडणार. आणि पकडायचं म्हणजे तुला विचारावं लागणार की हे १०६ म्हणजे एकशे सहा पेशी की दहा लाख, आणि तो प्रश्न विचारलास की तू दुसऱ्या खोलीत राहिली नाहीस.

आता नोकर होण्याची भीती. ती मी उडवून लावणार नाही, कारण तसं होतं, आणि बऱ्यापैकी होतं. ज्या टीममध्ये वेबवाल्याला सप्टेंबरच्या शेवटी ड्राइव्हची लिंक पाठवून ‘दहा तारखेपर्यंत करून दे ना प्लीज’ म्हणतात, तिथे तू नोकरच, तेही बिनपगारी. म्हणून इंटरव्ह्यूमध्ये तूही त्यांना विचारायचं. विचारताना घाबरू नकोस, याने उलट वजन वाढतं. पहिलं, विकीचा मजकूर कोण लिहिणार आणि पहिला कच्चा मसुदा कधी येणार? ‘बघू, शेवटी सगळे मिळून लिहू’ असं उत्तर आलं तर सावध हो. दुसरं, आठवड्याच्या मीटिंगला मला बसायचं की नाही? तिसरं, शेवटचा शब्द कुणाचा, म्हणजे फ्रीजच्या आदल्या रात्री पीआयने, म्हणजे टीमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी, नवीन आकृती पाठवली तर नाही म्हणायचा अधिकार मला आहे का? शेवटच्या तासांत जगभरातल्या टीम्स एकदम पुश करत असतात, तुझी पाइपलाइन तेव्हाच लाल झाली तर पळायला जागा नाही, त्यामुळे आपली डेडलाइन फ्रीजच्या निदान तीन दिवस आधी हवी, हे तूच सुचव. आणि याच्या जोडीला, मागच्या वर्षी या युनिव्हर्सिटीची टीम असेल तर तिच्या वेबवाल्याला शोध आणि चहाला ने. टीम लीडर सांगणार नाही ते तो दहा मिनिटांत सांगेल.

पॅरिसचंही आत्ताच विचार. टीमची नोंदणी फी हजारो डॉलरमध्ये असते, ती युनिव्हर्सिटी किंवा स्पॉन्सर भरतात, पण तिकडे जाण्याचा खर्च आणि व्हिसा वेगळा, आणि सगळेच जातात असं नाही. वेबवाल्याचं काम फ्रीजला संपलं असं धरून त्यालाच वगळलं, असं होऊ शकतं. ‘कोण जाणार ते कसं ठरतं’ एवढाच साधा प्रश्न टाक. जायला मिळणार नाही असं समजलं तरी टीममध्ये जावंसं वाटतंय का, हेही स्वतःला विचारून बघ.

आता फॉर्म. ‘सिंथेटिक बायोलॉजीत रस का’ याला लहानपणापासून डीएनएचं कुतूहल वगैरे लिहू नकोस, देव शप्पथ, ते वाचून वाचून त्यांचे डोळे दमलेले असणार, आणि तसंही त्यांना बायोवाली मुलं आधीच मिळालीयेत. तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, तू बायो न शिकलेली वाचक आहेस. जुन्या सगळ्या विकी अजून नेटवर उघडतात. एडिनबराच्या टीमचं २००६ चं काम शोध, पाण्यात आर्सेनिक आहे का हे सांगणारा जीवाणू बनवायचा होता, बांगलादेशातल्या विहिरी डोळ्यासमोर ठेवून. आर्सेनिक असलं की जीवाणू पाण्याचा पीएच बदलतो आणि तो बदल साध्या इंडिकेटरच्या रंगावरून कळतो, म्हणजे महागडं मशीन नको. किंवा केंब्रिजची २००९ ची टीम, वेगवेगळ्या रंगाचे जीवाणू बनवले आणि त्या वर्षीचं सगळ्यात मोठं बक्षीस नेलं. यातलं एक घे, वाच, जिथे जिथे अडकलीस तिथे खूण कर. मग दोन परिच्छेदांत लिही की मी बायो दहावीनंतर सोडलं, हे पान वाचताना मी इथे इथे अडकले, आणि हे मी असं मांडलं असतं. शक्य असेल तर त्यातलं एकच पान नव्याने बांधून लिंक दे. एकच पान. शनिवारपर्यंत होतं ते. इंग्रजी साधं ठेव, ‘पॅशनेट’ हा शब्द टाळ.

आणि मामाची साइट. तू पत्रात त्या साइटबद्दल तीन ओळी लिहिल्यास आणि तिन्हींमध्ये माफी मागितलीस, म्हणून मी ती मुद्दाम उघडून बघितली. फेस्टचीही बघितली. फेस्टची छान आहे, स्क्रोल केलं की ढोल-ताशावाले आत येतात, पण माझ्या फोनवर उघडायला इतका वेळ लागला की तोवर मी दुसरंच काही वाचायला लागले. मामाच्या साइटला रंग एकच, तो पण हिरवा, वरती मामाचा फोटो जरा जास्तच मोठा आहे (तो मामांनीच सांगितला असणार, राहू दे). पण औषधाच्या नावापुढे तू लिहिलंयस की पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, फवारल्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं, आणि कशात काय मिसळायचं नाही. बाटलीवर हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरात आणि बहुतेक एकराच्या किंवा हेक्टरच्या हिशोबात असतं. शेतात उभ्या माणसाच्या हातात पंप असतो, हेक्टर नसतो. तू ते कुणाला विचारून, हिशोब करून, त्याच्या पंपात बसवलंस, तेही सावलीत न जाता फोनवर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. आयजेमच्या टीमला वेबवाल्याकडून हेच हवं असतं. लॅबवाल्याची भाषा समजून घ्यायची, ज्याला वापरायचंय त्याच्या मापात आणायची, आणि आणताना आकडा चुकू द्यायचा नाही.

म्हणून फॉर्ममध्ये मामाची साइट पहिली टाक, फेस्टची दुसरी. आणि नुसती लिंक नको, चार ओळी लिही: लोक काय शोधत येतात, तू आधी काय चुकीचं धरलं होतंस, मामांनी किंवा एखाद्या शेतकऱ्याने काय सांगितल्यावर काय बदललंस. मात्र पाठवण्याआधी ते पंपाचे आकडे एकदा बाटलीवरच्या लेबलशी परत ताडून घे, आणि माहिती कोणत्या लेबलवरून घेतली ते पानावर लिही. आकडे मी तपासलेले नाहीत, ते माझं कामही नाही, पण सायन्सच्या टीमला साइट दाखवतेयस म्हटल्यावर ‘हा आकडा कुठून आला’ हा प्रश्न येणारच.

चॅटजीपीटीचं एवढं मनावर घेऊ नकोस. विचारलं तर खरं सांग, हो वापरते. त्यांना काळजी वेगळीच असते, की फ्रीजच्या आदल्या रात्री काहीतरी तुटलं तर हिला कुठे बघायचं ते कळेल का. तर आपल्या फेस्टच्या साइटमधली एक फाइल उघड, ओळीओळीने वाच, आणि जी ओळ काय करते हे सांगता येत नाही ती काढून बघ काय होतं. दोन संध्याकाळी लागतील, इंटरव्ह्यूला त्याचाच उपयोग. आयजेममध्ये कुणी काय केलं आणि कुणाची मदत घेतली हे लिहायला वेगळं पानच असतं, तिथे तुझं नाव आणि काम दोन्ही कायमचं राहतं, गिटलॅबवर तुझे कमिट, म्हणजे तू केलेले बदलही तारखेसकट राहतात. रिझ्युमेत ‘आय नो रिॲक्ट’ लिहिण्यापेक्षा हे दाखवायला बरं, रूममेटलाही सांग.

वडिलांशी बोलताना पॅरिसपासून सुरुवात करू नकोस. ते स्पर्धा म्हणतायत तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर फी आणि केटी आहे, आणि ते काही चुकीचं नाही. त्यांना तारखांत सांग. उन्हाळ्यापर्यंत आठवड्याला चार-सहा तास, पावसाळ्यात वाढणार, ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत खरा जोर, आणि नेमकी तेव्हाच मिड-सेम येते. म्हणून विकीचा सांगाडा, मेनू, पानांचा साचा, फोटो लहान करायची स्क्रिप्ट, हे सगळं जुलैतच उरकायचं, म्हणजे सप्टेंबरात नुसता मजकूर ओतायचा राहतो. डीएसए सोडायचं नाही, रोज एक प्रश्न चालू ठेवला तरी बुडत नाही काही. एटीकेटी लागली तर टीम सोडेन असा शब्द मात्र त्यांना देऊ नकोस, ऑक्टोबरात टीम सोडणं म्हणजे दहा जणांना खड्ड्यात घालणं. त्याऐवजी टीमला पहिल्या दिवशीच सांग की परीक्षेच्या आठवड्यात मी नाही, आणि गिटलॅबचा ॲक्सेस आणि पुश कसं करायचं ते आणखी एकाला येत असलंच पाहिजे.

हॉस्टेलच्या रेक्टरचा प्रश्न तू विचारला नाहीस पण तो येणारच, शेवटच्या आठवड्यात टीम रात्री दोन-दोनपर्यंत लॅबमध्ये बसते आणि तुझं गेट त्याच्या खूप आधी बंद होतं. वेबचं काम खोलीतून होतं, हे आधीच ठरवून घे, मीटिंग रात्रीची असेल तर कॉलवर घ्या म्हणावं, आणि अगदीच थांबायची वेळ आली तर गाइड मॅडमची सही असलेलं पत्र दोन दिवस आधी दे, ऐनवेळी गेटवर वाद घालून काही होत नाही.

फॉर्म रविवारी रात्री बंद होतोय ना, मग शनिवारीच भरून टाक. मामाच्या साइटची लिंक चिकटवल्यावर ती एकदा दुसऱ्याच्या फोनवरून, वायफाय बंद करून उघडून बघ, आणि तो मोठा फोटो तेवढा हलका कर.